मुलूख किती आणि लागवड किती

इ. स. १९८४ साली केंब्रिज येथे शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन तरुणांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘एलिट’ नावाचा अंतराळातील व्यापाराचा खेळ रचला. त्या यंत्राची स्मृती इतकी तुटपुंजी होती की आजच्या मोबाइलवरचे एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तथापि एका संख्येतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी मालिका काढीत जाऊन तिच्यावरून ताऱ्यांची नावे, स्थाने आणि बाजारभाव ठरविण्याची जी गणिती युक्ती त्यांनी योजिली होती तिच्या बळावर त्या चिमुकल्या यंत्रातून सुमारे २८१ लक्ष कोटी आकाशगंगा निघू शकत होत्या. खेळ प्रसिद्ध करणाऱ्या अॅकॉर्नसॉफ्ट या संस्थेला मात्र या आकड्याचा हर्ष झाला नाही. एवढा पसारा मांडला तर सारे ग्रह एकाच साच्यातून पडले आहेत ही गोष्ट खेळणाऱ्याच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही, असे तिचे म्हणणे पडले. आणि अखेर आठ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ तारे एवढ्यावर मामला मिटला. ओपन-वर्ल्ड खेळांच्या विस्ताराचा जो वाद आज चाळीस वर्षांनंतरही चालू आहे त्याचा पहिला निवाडा असा आरंभीच होऊन गेला होता, आणि माझ्या मते तो योग्य होता. पुढे हा निवाडा या व्यवसायाने अनेकदा विसरून पाहिला. त्या विसरण्याचा आणि पुन्हा आठवण्याचा वृत्तांत मनोरंजक आहेच; पण एखादी जागा ‘जागा’ केव्हा होते, या जुन्या प्रश्नावरही तो बराच प्रकाश टाकतो.

खेळणारा ज्यात एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे गुण, विद्या व शस्त्रे वाढवीत जातो आणि आपल्या मर्जीप्रमाणे एका विस्तीर्ण प्रदेशात हिंडतो, त्या प्रकाराला ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या प्रदेशाविषयी जी चर्चा होते ती बहुधा दोन टोकांमध्ये हेलकावे खाते: एक पक्ष म्हणतो जग मोठे पाहिजे, दुसरा म्हणतो भरीव पाहिजे. मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण रिकाम्या जमिनीतही दोन जाती आहेत. आपल्याकडे जमाबंदीच्या दप्तरात गावाचे एकूण क्षेत्र वेगळे, लागवडीखालचे वेगळे, पडीक वेगळे आणि गायरान वेगळे लिहिण्याचा शिरस्ता आहे. पडीक आणि गायरान दोन्ही डोळ्यांना सारखीच उघडी दिसतात. परंतु पडीक जमीन कोणाचा हात न पोचल्यामुळे तशी राहिलेली असते, आणि गायरान गावाने जाणून, गुरांच्या पोटाकडे पाहून मोकळे ठेवलेले असते. खेळांतील जगाचा हिशेब मांडतानाही लागवड, पडीक आणि गायरान हे तिन्ही रकाने वेगळे ठेवले पाहिजेत, असे मला पुष्कळ वर्षांच्या खेळण्यानंतर वाटू लागले आहे.

पडीक जमिनीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालेतील दुसरा खेळ, १९९६ सालचा ‘डॅगरफॉल’. अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने काढलेल्या या खेळाचा प्रदेश प्रचलित हिशेबाप्रमाणे सुमारे १,६१,६०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अर्ध्याहून किंचित अधिक आहे. त्यात नगरे, खेडी, देवळे आणि भुयारे मिळून पंधरा हजारांहून अधिक स्थळे आहेत. इतकी स्थळे माणसांच्या हाताने रचणे अशक्य असल्यामुळे ती यंत्राकडून रचवून घेतली होती. भुयारे ठराविक तयार तुकडे एकमेकांस जोडून बनविलेली असल्यामुळे त्यांच्या वाटा कशाही वळतात, आणि शोधावयाची वस्तू हाती येईपर्यंत तासच्या तास निघून जातात. एका गावाहून दुसऱ्या गावास पायी जाण्याचा प्रयत्न मी एकदा केला. झाडे, उतार, पुन्हा झाडे. सूर्य मावळला, उगवला. वाटेत नदी नाही, पूल नाही, धर्मशाळा नाही, की ज्याच्याशी दोन शब्द बोलावे असा माणूस नाही. नकाशा उघडून गावाच्या नावावर बोट ठेवले की दिवस सरकतात आणि आपण वेशीत उभे राहतो. हीच तेथील प्रवासाची खरी रीत आहे. अर्थात ज्या जमिनीवरून कोणी चालत नाही ती जमीन केवळ आकड्यातच असते.

तथापि ‘डॅगरफॉल’ला एवढ्यावर निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्या खेळाची लागवड जमिनीत नव्हती, ती व्यवहारात होती. तेथे प्रांताप्रांताची स्वतंत्र पेढी आहे, तीत ठेव ठेवता येते, कर्ज काढता येते, हुंडी घेता येते, घर आणि जहाज विकत घेता येते. कर्ज बुडविले तर त्या प्रांतातील तुमची अब्रू जाते, आणि गुन्हा केला तर त्याच प्रांताचे शिपाई तुमच्यामागे लागतात. शेजारच्या प्रांतात मात्र तुम्हाला कोणी ओळखत नाही. तोंड लपविण्यासाठी दूर जाण्याची सोय हे विस्ताराचे एक खरे प्रयोजन आहे, आणि ते या खेळाने दाखविले. खंत एवढीच, की पळून जावे असा मुलूख असला तरी त्यातली वाट अस्तित्वात नव्हती.

त्याच कंपनीने सहा वर्षांनी, २००२ साली, ‘मोरोविंड’ काढला. व्हार्डनफेल नावाचे ते बेट चोवीस चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते; आपल्याकडील तीन-चार गावांची शिवारे एकत्र केली तर एवढी जमीन होईल. आधीच्या मुलखाचा हा सहा हजारावा हिस्साही नव्हे. आणि असे असूनही, दोन्ही खेळ खेळलेल्या बहुतेकांना विचारले तर मोठा कोणता वाटला याचे उत्तर ते ‘मोरोविंड’ असेच देतील. या चमत्काराची कारणे शोधू लागले की विस्ताराच्या प्रश्नाचे मर्म हाती येऊ लागते.

पहिले कारण असे की, तेथे वाट विचारावी लागते. काम सांगणारा माणूस तुमच्या नकाशावर खूण करून देत नाही, तो बोलतो. अमुक पूल ओलांडा, नदी डाव्या हाताला ठेवा, दोन टेकड्यांमधली खिंड आली की उत्तरेकडे वळा, असे त्याचे सांगणे असते, आणि ते आपल्या रोजनिशीत नोंदले जाते. मग आपण पूल शोधतो, खिंड शोधतो, चुकतो, माघारी येतो. या चुकण्यात टेकडीला टेकडीपण येते, कारण ती आता खूण झालेली असते. प्रवासाची साधने आहेत, पण तीही त्या मातीतलीच: सिल्ट स्ट्रायडर नावाच्या उंच पायांच्या अवाढव्य कीटकाच्या पोखरलेल्या पाठीत बसून काही शहरांना जाता येते, काही बंदरांना होड्या लागतात, मांत्रिकांच्या संघाच्या कचेऱ्या एकमेकींत माणसे पोचवितात, मात्र प्रत्येक साधन प्रत्येक गावी जात नाही, म्हणून कोठून काय सुटते हे एस. टी.च्या जुन्या प्रवाशाप्रमाणे तोंडपाठ करावे लागते. टेल्व्हानी घराण्याच्या मांत्रिकांचे मनोरे प्रचंड छत्र्यांमधून, म्हणजे पावसाळी अळंब्यांमधून, वाढविलेले आहेत आणि त्यांना जिनेच नाहीत. ज्याला हवेत तरंगण्याची विद्या येत नाही त्याने वरच्या मजल्यावरील धन्याला भेटण्याची मुळी पात्रताच नाही, असा त्या वास्तूचा अर्थ. एका गाळलेल्या जिन्यातून एका घराण्याचा सारा अहंकार सांगितला गेला आहे.

दुसरे कारण धुके. त्या काळच्या यंत्रांना दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नसल्यामुळे थोड्या अंतरापलीकडे सगळे धूसर होत असे. पुढे लोकांनी मूळ रचनेत फेरफार करून हे धुके काढून टाकले, तेव्हा एका गावातून दुसऱ्या गावाची घरे दिसू लागली, आणि बेट किती लहान आहे हे पाहून अनेकांना हळहळ वाटली. ही मर्यादा लाचारीतून आली होती, तरी तिने केलेले काम मोठ्या शिल्पकाराचे होते.

तिसरे कारण मी एका प्रसंगानेच सांगतो. सेडा नीन या दलदलीतल्या पहिल्याच खेड्यात फार्गोथ नावाचा एक बुटका, गोडबोल्या माणूस भेटतो. हरवलेली अंगठी परत केली की तो हरखून जातो. मग गावच्या दारूच्या अड्ड्यावर हृस्कार नावाचा एक शिपाई आपल्याला बाजूला घेऊन सांगतो की हा फार्गोथ आपली पुंजी कोठेतरी लपवून ठेवतो, ती जागा शोधून काढ. त्यासाठी करावयाचे एवढेच, की रात्री दीपगृहाच्या माथ्यावर चढून उभे राहावयाचे. मी उभा राहिलो. खाली दहा-बारा झोपड्या, कंदील, बेडकासारखा काहीतरी आवाज. मग तो इवलासा माणूस घराबाहेर आला, थांबला, इकडेतिकडे पाहू लागला, चार पावले चालला, पुन्हा थांबला. आणि शेवटी चिखलाच्या डबक्यात शिरून एका कुजक्या खोडापाशी वाकला. त्या खोडात थोडी नाणी आणि मी सकाळी परत केलेली ती अंगठी होती. साऱ्या प्रसंगाला लागलेली जमीन एका मोठ्या वाड्याच्या अंगणाएवढी. पण त्या रात्रीनंतर ते गाव माझ्या मनातून कधी गेले नाही, कारण तेथला दीपगृहाचा माथा, घराचे दार, डबके आणि खोड ही चारही ठिकाणे एकाच माणसाच्या भीतीने एकमेकांस बांधली गेली होती. लागवड म्हणतात ती ही. एका चौरस किलोमीटरात वस्तू किती ठेवल्या याची मोजदाद निरर्थक आहे. एक वस्तू दुसरीची साक्ष देते की नाही, हे पाहिले पाहिजे.

येथे एक मुद्दा खेळांच्या चर्चेत फारसा कोणी लक्षात घेत नाही, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो. ‘मोरोविंड’मधील बहुतेक संभाषण लेखी होते. लेखी शब्द स्वस्त असतो; शंभर माणसांना शंभर प्रकारे वाट सांगावयास लावणे लेखकाला परवडते, आणि एखादी खिंड उद्या हलविली तर वाक्य बदलून भागते. त्याच मालेतील २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक वाक्य नटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. बोललेला शब्द महाग; तो एकदा मुद्रित झाला की बदलणे आणखी महाग. तेव्हा माणसे वाट सांगेनाशी झाली आणि त्यांच्या जागी नकाशावर एक बाण आला. बाण आला की डोळे भूमीवरून उठून होकायंत्रावर जाऊन बसतात. त्याच खेळात ज्या गावी आपण एकदा जाऊन आलो तेथे, आणि मोठ्या शहरांत तर न जाताही, नकाशावरून तत्क्षणी पोचण्याची सोय झाली. खेळणारे तिला ‘फास्ट ट्रॅव्हल’ म्हणतात. शिवाय शत्रूंचे सामर्थ्य आपल्या सामर्थ्याबरोबर वाढत जाईल अशी व्यवस्था केली गेली, जिच्यामुळे कोणतीही गुहा केव्हाही सारखीच अवघड. आणि अखेर अखेर अशी विपरीत स्थिती आली की, हजारो मोहरा किमतीचे काचेचे चिलखत घातलेला वाटमारी करणारा रस्त्यात आडवा येऊन शंभर मोहरा मागू लागला. एक मुलूख दुसऱ्याहून भयंकर असणे, एखाद्या रानात आज जाऊ नये आणि दोन वर्षांनी जावे, ही जी भूगोलाची प्रतवारी ती येणेप्रमाणे पुसली गेली. खेळाचे क्षेत्रफळ ‘मोरोविंड’हून वाढले होते, आणि जग लहान झाले होते.

हीच गोष्ट जर्मनीत अधिक ठळकपणे घडली. पिरान्हा बाइट्स या छोट्या मंडळीने २००१ साली ‘गॉथिक’ आणि २००२ साली ‘गॉथिक २’ हे खेळ काढले. या दोन खेळांविषयी मला जे ममत्व आहे ते लपविण्याचे कारण नाही. पहिल्याचा प्रदेश म्हणजे मंत्राच्या भिंतीने वेढलेली कैद्यांची एक खाणींची दरी, तीत तीन छावण्या. इतकेच. पण लांडग्याने मारले तर मेलात, आणि दहा तासांनी, कोणा उस्तादाकडून तलवार धरावयास शिकून आल्यावर त्याच लांडग्याला लोळविलेत, असा तेथला नियम. रानाला तुमची भीडमुर्वत नाही, म्हणून रानाची अब्रू टिकते. दुसऱ्या खेळात खोरिनिस शहराच्या वेशीवरचे पहारेकरी फाटक्या माणसाला आत सोडीत नाहीत. वाटेवर लोबार्ट नावाच्या शेतकऱ्याचे शेत लागते. त्याच्या शेतातील सलगम उपटून दिले की तो शेतकऱ्याचा पोशाख स्वस्तात देतो, आणि तो अंगावर घालून गेले की पहारेकऱ्याची नजर बदलते. दुसरेही मार्ग आहेत: लाच द्यावी, एखाद्याकडून परवाना मिळवावा, नाहीतर समुद्रातून पोहत वळसा घालून बंदराला लागावे. एका वेशीला इतके दरवाजे असले की ते शहर आत शिरण्यापूर्वीच मोठे होते.

यापुढे ‘गॉथिक २’ने जे केले त्याला आपल्या भाषेत दुबार पीक म्हणावे लागेल. दुसऱ्या अध्यायात तो तुम्हाला पहिल्या खेळातील त्याच दरीत परत पाठवितो. ज्या छावणीत आपण तेव्हा भाकरीसाठी लाचारी पत्करली होती ती आता ऑर्क लोकांच्या वेढ्यात सापडलेली आहे, वाटा जळलेल्या आहेत, ओळखीची झोपडी नाही. नवीन जमीन जवळजवळ नाहीच; पण आपली आठवण त्या जमिनीत खत होऊन पडलेली असल्यामुळे प्रत्येक वळण अंगावर येते. २००६ साली ‘गॉथिक ३’ आला तेव्हा त्याच मंडळीने तीन हवामानांचा अवाढव्य देश उभा केला, अध्याय काढून टाकले, आणि एकामागून एक शहरे मुक्त करीत जाण्याचे काम दिले. विसावे शहर मुक्त करताना पहिल्या शहरातील एकाही माणसाचे नाव मला आठवत नव्हते. खेळ अपुऱ्या दुरुस्तीनिशी बाजारात आला ही त्याची वेगळी तक्रार. सर्व दोष काढून टाकले असते तरी हा दोष राहिलाच असता.

असे वारंवार का घडावे? एक कारण साध्या भूमितीचे आहे. प्रदेशाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते; काम करणारे हात मात्र चौपट होत नाहीत, आणि झाले तरी शंभर माणसांची दृष्टी एकरूप होत नाही. डोंगर उठविणे, झाडे पेरणे ही कामे यंत्रे आता झपाट्याने करतात. फार्गोथला रात्री घराबाहेर काढण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते. दुसरे कारण बाजाराचे. क्षेत्रफळ जाहिरातीत सांगता येते, आधीच्या खेळाशी त्याची तुलना करता येते, आणि भारी किंमत मोजणारे गिऱ्हाईक किती तास खेळ चालेल हा हिशेब करतेच. भरीवपणा कोणत्या मापाने सांगणार? मग मोकळ्या जागा खुणांनी भरल्या जातात. उंच मनोऱ्यावर चढावे, भोवतालचा प्रदेश नकाशावर उघडावा आणि उमटलेली चिन्हे एकेक करून पुसत जावीत, ही युबिसॉफ्टच्या खेळांनी रूढ केलेली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे; तिच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. २०१४ सालच्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये हिंटरलँड्स नावाच्या पहिल्याच प्रांतात लोक वनस्पती, मेंढ्यांचे मांस आणि स्फटिकांचे तुकडे गोळा करीत इतके अडकून पडले की, तेथून बाहेर पडा, पुढे कथा आहे, असे निर्मात्यांनाच जाहीरपणे सांगावे लागले. खेळणाऱ्यांचा यात अपराध नव्हता. समोर ठेवलेले काम करावे ही सरळ माणसाची वृत्ती असते. ते काम निरर्थक असणार नाही असा त्याचा विश्वास असतो, आणि तो विश्वास या प्रकाराने खर्ची पडतो.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली काढलेल्या ‘द विचर ३’मध्ये लागवड आणि पडीक दोन्ही एकाच वेशीत पाहावयास मिळतात, म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात चोरट्या व्यापाऱ्यांची पिंपे डझनावारी तरंगतात. नकाशावर प्रश्नचिन्ह, त्याखाली पिंप, वर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी, आत थोडे विकाऊ सामान. होडी वल्हवीत मी त्यांतली किती उघडली याचा हिशेब ठेवला नाही. त्यांतले एकही आज आठवत नाही. आणि याच खेळाच्या आरंभीच्या व्हाइट ऑर्चर्ड खेड्यात एक म्हातारी बंद झोपडीच्या दारापुढे उभी असते. तिची तक्रार अशी की एका परक्या माणसाने तिचा तवा मागून नेला आणि आता दार उघडत नाही. दार फोडून आत जावे तो एक प्रेत, जाळलेले कागद, झटापटीच्या खुणा, आणि त्या सर्वांमध्ये लख्ख घासलेला तवा. राज्य बुडालेल्या देशातील हेरगिरीचे एक प्रकरण त्या खोलीत संपलेले असते. म्हातारीला तिचा तवा स्वच्छ होऊन मिळाला याचाच आनंद. युद्ध सामान्य माणसाच्या घरात कोणत्या दाराने शिरते, हे त्या तव्यातून जितके कळते तितके रणांगणाच्या भव्य चित्रातून कळत नाही. पुढे वेलेनच्या दलदलीत एका व्यसनी सुभेदाराची, त्याच्या हरवलेल्या बायको-मुलीची आणि उंबऱ्याखाली नाव ठेवून पुरावयाच्या मृत अर्भकाची जी कथा येते ती तर या कलाप्रकाराच्या मानबिंदूंपैकी एक आहे. त्या कथेला वेलेनचा विस्तार लागतो, हे मी कबूल करतो. फासावर लटकलेली माणसे, उजाड शेते आणि ओस खेडी यांमधून घोडा हाकीत आल्यावाचून त्या सुभेदाराच्या गढीचा दरवाजा तसा वाटला नसता.

येथून मी गायरानाकडे येतो, कारण रिकामेपणाची बाजू घेणे आता प्राप्त आहे. २०१७ साली निन्टेन्डोने ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ काढला तेव्हा त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी आपल्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून पाहिला होता. या देवळापासून त्या पुलापर्यंत चालावयास किती वेळ लागतो हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. त्या पायांच्या अनुभवावरून त्यांनी खेळातील अंतरे ठरविली. त्या प्रदेशात गवताळ माळ पुष्कळ आहेत आणि त्यांवर काहीही नाही. पण टेकड्यांचे आकार असे योजिलेले आहेत की माथ्यावर जावे की बगलेने जावे हा विचार प्रत्येक वेळी मनात येतो, आणि माथ्यावर गेले की पलीकडचे काहीतरी नजरेस पडते. तेथे जाण्याची इच्छा आपली असते, कोणाच्या बाणाची नव्हे. त्या माळावर इच्छा चरते, म्हणून तो गायरान. (त्याच भूमीत लपविलेली ९०० कोरोक बीजे सर्व शोधण्याचा अट्टहास ज्यांनी केला त्यांच्याविषयी मला आदर आहे, ती न शोधता खेळ सोडून देणाऱ्यांनी काही गमावले, असे मात्र नाही.)

प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजने २०१८ साली काढलेला ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हे याहून सूक्ष्म उदाहरण. इ. स. १४०३ मधील बोहेमियाचा, साझावा नदीकाठचा, सुमारे सोळा चौरस किलोमीटरांचा टापू. राक्षस नाहीत, मंत्र नाहीत, अर्धी भूमी निव्वळ रान. नायक लोहाराचा मुलगा, निरक्षर. ग्रंथ हाती घेतला तर पानावरची अक्षरे उलटसुलट दिसतात. एका लेखनिकाकडे जाऊन शिकावे लागते, मग सराव करावा लागतो, आणि दिवसामागून दिवस तेच पान थोडे थोडे सुलटत जाऊन एके दिवशी वाचता येते. त्या लेखनिकाच्या गावची वाट मी किती वेळा तुडविली असेन! पण शिकण्यासाठी चालून गेलेली वाट रिकामी नसते, हे जो शाळेसाठी दोन कोस चालला आहे त्याला सांगावयास नको.

याच्या उलट टोकाला २०१६ सालचा ‘नो मॅन्स स्काय’ आणि २०२३ सालचा ‘स्टारफील्ड’. पहिल्यात अठरावर अठरा शून्ये मांडली म्हणजे जितके होतील त्याहून अधिक ग्रह आहेत. प्रत्येक ग्रह एका लांबलचक संख्येतून जागच्या जागी उपजतो. ‘एलिट’ची ती जुनी युक्ती, या वेळी कोणी आवर न घातलेली. आरंभी निराशा फार झाली. परंतु हॅलो गेम्सच्या लहानशा चमूने पुढे वर्षानुवर्षे विनामूल्य भर घालून तो खेळ बराच सुधारला, आणि त्यातील एकांत हा त्याचा खरा विषय आहे, असे मानणाऱ्यांचे म्हणणे मला आता पटते. ‘स्टारफील्ड’चे तसे नाही. हजारावर ग्रह; त्यांवर यंत्राने विखुरलेली ठाणी. एका गोठलेल्या चंद्रावर मी एका ओसाड प्रयोगशाळेत शिरलो, तेथील मृत शास्त्रज्ञाची चिठ्ठी वाचली आणि मन हेलावले. काही तासांनी, दुसऱ्या ताऱ्याच्या दुसऱ्या ग्रहावर, तीच प्रयोगशाळा, तेच प्रेत, तीच चिठ्ठी. त्या क्षणी दुसरी प्रयोगशाळा खोटी ठरलीच, पण त्याहून वाईट असे झाले की पहिलीही मागाहून खोटी ठरली. पडीक जमीन स्वतः निष्फळ राहते एवढेच. हा प्रकार शेजारच्या पिकालाही लागला. अॅकॉर्नसॉफ्टची जी भीती होती ती नेमकी हीच.

यावर एक आक्षेप येतो तो वजनदार आहे. संसार, नोकरी, मुलेबाळे सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला वाट विचारीत हिंडणे परवडत नाही. त्याला बाण हवा, फास्ट ट्रॅव्हल हवे, आणि दिवसभराच्या शिणानंतर एखादे सोपे, ठराविक काम करण्यात त्याला विसावा मिळत असेल तर त्यात कमीपणा काय? कमीपणा काहीच नाही. २०११ सालच्या ‘स्कायरिम’मध्ये कोणत्याही कामाविना बर्फातून घोड्यावर हिंडणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि मीही त्यांत असतो. पण ज्याच्याजवळ तासच एक आहे त्याच्यासाठी तर तो तास कोणाच्या तरी विचारपूर्वक केलेल्या जागेत जाणे अधिकच अगत्याचे. निर्मात्यांच्याही हे ध्यानी येत असल्याची चिन्हे आहेत: युबिसॉफ्टनेच २०२३ साली ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ बगदाद शहरापुरता आखडून घेतला.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’मध्येही पडीक आहे. भूमिगत दफनस्थळे एकसारखी, आणि एकदा मारलेला शत्रू दुसऱ्या गुहेत पुन्हा उभा. ते मी माफ करतो, आणि त्याचे कारण पूर्वेकडच्या मिस्टवुड नावाच्या रानात आहे. ते रान धुकट असते आणि त्यात प्रचंड अस्वले झोपलेली असतात, म्हणून पावले जपून टाकावी लागतात. अस्वलांपासून पळता पळता मला एक गोल दगडी इमारत दिसली. आत एक पाळणा होता, त्याच्यावर उभा राहिलो आणि तो खाली जाऊ लागला. एखादे लहान तळघर असेल असे वाटले. पाळणा जातच राहिला. भिंती सरकत राहिल्या. इतका वेळ की यंत्र अडकले की काय अशी शंका यावी. मग भिंती संपल्या, आणि जमिनीच्या पोटात, जेथे छत असावयाचे तेथे, जांभळ्या अंधारात असंख्य तारे होते आणि खाली एक नदी वाहत होती. बाणाने मला येथे आणले नव्हते, कोणी सांगितलेही नव्हते. नकाशा उघडून पाहिला. ज्या प्रदेशाच्या सीमा मला पुरत्या कळल्या असे वाटत होते त्याच्याखाली दुसरा एक पदर उमटला होता, आणि तो सगळा अजून कोरा होता.